आधी माल, मग कागद

आग्र्याला पोस्टिंग झाली म्हटले की गावाकडची माणसे ताजमहालाचे विचारतात, नाहीतर येताना पेठा आणायला सांगतात. फौजी माणसाचा आग्रा थोडा वेगळा. तिथला लाल किल्ला तिकीट काढून जेवढा बघता येतो, त्याहून मोठा भाग आजही फौजेच्या ताब्यात आहे. मी आर्मी सर्व्हिस कोअरचा, म्हणजे एएससीचा माणूस. पीठ, डाळ, मटण, भाजी, रॉकेल, पेट्रोल पलटणीच्या दारात पोचवणे हा आमचा धंदा. त्यामुळे त्या किल्ल्यात उभे राहिल्यावर माझ्या डोक्यात शहाजहान येत नाही. १८५७ च्या पावसाळ्यात इथे पाच हजारांहून जास्त माणसे कोंडून घेऊन बसली होती, त्यांना पीठ कोणी पुरवले, हे डोक्यात येते.

पुरवले लाला जोती प्रसाद या ठेकेदाराने. आणि गंमत अशी, की सहाच वर्षांपूर्वी याच आग्र्यात कंपनी सरकारने याच माणसाला आरोपी म्हणून कोर्टात उभे केले होते. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत तो सापडत नाही. लढाईच्या पुस्तकात तोफा असतात, सेनापती असतात. शिधा कुठून आला ते क्वचितच असते.

ठेकेदार हा शब्द आज जरा वाईट अर्थाने घेतात. पण कंपनीच्या काळात ठेकेदाराशिवाय फौज दहा कोस हलत नव्हती. कमिसरिएट नावाचे खाते होते, आमच्या एएससीचे ते पूर्वज. पण त्यांच्याकडे कारकून आणि वह्या जास्त, बैल आणि उंट कमी. १८३८ च्या अखेरीस फिरोजपूरहून अफगाणिस्तानच्या मोहिमेवर निघालेल्या बंगाल फौजेचे आकडे बघा. लढणारी माणसे साडेनऊ हजार. त्यांच्यामागे नोकरचाकर, भिस्ती, मोतद्दार, बाजारवाले असे अडतीस हजार. आणि उंट तीस हजार. एवढा डोलारा सिंधमधून बोलन घाटाने कंदाहारला आणि तिथून काबूलला न्यायचा. हे काम सरकारी कारकुनाच्या आवाक्यातले नव्हते. ज्याची हुंडी बाजारात चालते, ज्याच्या शब्दावर गावोगावचे व्यापारी धान्य सोडतात, असा माणूस लागतो. जोती प्रसाद असा माणूस होता.

आता सप्लायमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा, अशा करारात काय काय सुटते ते. दर ठरतो तो निघण्याच्या ठिकाणचा. फौज पुढे गेली, धान्य चौपट महाग झाले, तर फरक कोणी सोसायचा? उंट घाटात मेला तर तो ठेकेदाराचा मेला की सरकारचा? पोती पोचली, पण जिथे पोचवायची होती तिथून छावणी दोन मुक्काम पुढे सरकली होती, तर वाढीव वाहतूक कोणाच्या खात्यावर? लढाई चालू असताना या प्रश्नांना एकच उत्तर असते: आधी माल आणा, मग बघू. साहेब तोंडी सांगतो, ठेकेदार मुंडी हलवतो, कारण दोघांनाही ठाऊक असते की उद्या सकाळी माणसांना आणि जनावरांना खायला लागणार आहे. अस्पष्ट करार हा नेहमी कुणाच्या लबाडीतूनच जन्मतो असे नाही. बहुतेक वेळा तो घाईतून जन्मतो. लबाडी नंतर सुरू होते, हिशेबाच्या वेळी.

जोती प्रसादचे तसेच झाले. अफगाण युद्ध संपले आणि त्याची बिले कलकत्त्याला गेली. तिथल्या हिशेब तपासनिसांनी आक्षेप काढायला सुरुवात केली. बोलन घाट न पाहिलेला माणूस बोलन घाटातल्या दराबद्दल पुरावा मागत होता. बाकी लाखांत होती आणि ती वर्षानुवर्षे लोंबकळत राहिली. मधल्या काळात ग्वाल्हेरची मोहीम झाली; १८४३ च्या २९ डिसेंबरला महाराजपूर आणि पनिहार इथे एकाच दिवशी शिंद्यांच्या फौजेशी लढाया झाल्या. मग सतलजचे युद्ध झाले. फौज चालत राहिली, ठेकेदार पुरवत राहिला, जुनी बाकी तशीच.

१८४८ मध्ये मुलतानात भडका उडाला आणि दुसरे शीख युद्ध सुरू झाले. कमिसरिएटचे लोक पुन्हा जोती प्रसादकडे गेले. या वेळी त्याने नाही म्हटले. आधीचे पैसे द्या, मग बोलू. हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत शहाणा क्षण होता असे मला वाटते, आणि तो त्याला टिकवता आला नाही. कर्नल जी. बी. मॅलेसन या इतिहासकाराने ही हकिकत लिहून ठेवली आहे. मॅलेसन स्वतः कमिसरिएटमध्ये नोकरी केलेला, तेव्हा खात्याच्या आतले त्याला माहीत होते. तो सांगतो की त्याला वचन दिले गेले: हे युद्ध पार पाडून दे, मागचा हिशेब पुरा करू, शिवाय मानाचा किताब देऊ. लालाने ऐकले. चिलियनवाला झाले, गुजरातची लढाई झाली (आपले गुजरात नव्हे, पंजाबातले, आता पाकिस्तानात), १८४९ मध्ये पंजाब कंपनीच्या राज्याला जोडला गेला. या सगळ्या काळात फौजेच्या पोटाची व्यवस्था लालाने पाहिली.

युद्ध संपल्यावर किताब मिळाला नाही. हिशेबाचे तेच जुने रडगाणे सुरू झाले. आणि मग खात्यातल्याच एका माणसाने तक्रार केली, की लालाच्या हिशेबांत अफरातफर आहे. चौकशी बसली आणि शेवटी १८५१ मध्ये आग्र्याला खटला उभा राहिला.

यातली खोच ज्याने सरकारी बिलाच्या मागे चपला झिजवल्या आहेत त्याला लगेच कळेल. बाकी किती, हा दिवाणी वाद होता. त्यात सरकारला दोनच गोष्टी सांगता आल्या असत्या: एवढे देणे लागतो किंवा एवढे लागत नाही. पण घेणेकऱ्यालाच फौजदारी आरोपी केले की बिलाचा प्रश्न आपोआप मागे पडतो. मुळात जे ठरले होते ते नीट लिहिलेले नव्हते, म्हणून प्रत्येक वाढीव आकडा लबाडीचा दिसू शकत होता. लिहिलेले असते, तर तोच आकडा नुसता वाढीव दर ठरला असता.

लालाने वकील केला तो जॉन लँग. हा सिडनीत जन्मलेला बॅरिस्टर, 'मफसलाइट' नावाचे वर्तमानपत्र चालवणारा, कंपनीच्या अधिकाऱ्यांची उघड टिंगल करणारा. त्याने खटला लढवला आणि लाला निर्दोष सुटला. कंपनीची भर आग्र्यात फजिती झाली.

मराठी वाचकाला लँगचे नाव दुसऱ्या कारणाने ऐकून माहीत असेल. तीन वर्षांनी, १८५४ मध्ये, झाशीचे संस्थान खालसा झाल्यावर राणी लक्ष्मीबाईंनी त्याला सोनेरी कागदावर फारसीत लिहिलेले पत्र पाठवून बोलावून घेतले. पडद्याआडून बोलणे झाले, छोट्या दामोदररावांनी मध्येच पडदा सरकवला आणि लँगला बाईसाहेबांचे ओझरते दर्शन झाले. झाशी देणार नाही हे त्यांचे उद्गार आपल्यापर्यंत पोचले ते याच लँगच्या प्रवासवर्णनातून. हिंदुस्थानात गोरे वकील कमी नव्हते, मग हाच का? माझा अंदाज साधा आहे. कंपनीला तिच्याच कोर्टात हरवणारा माणूस म्हणून त्याचे नाव आग्र्यापासून ग्वाल्हेर-झाशीपर्यंत पसरले असणार. ठेकेदाराच्या खटल्यात जमले ते राणीच्या बाबतीत मात्र जमले नाही. लँग १८६४ मध्ये मसुरीत वारला. त्याची विस्मरणात गेलेली कबर शंभर वर्षांनी लेखक रस्किन बाँड यांनी शोधून काढली.

मग आले १८५७. जुलैच्या सुरुवातीला आग्र्याबाहेर लढाई झाली, इंग्रज हरले आणि सगळे किल्ल्यात घुसले. ऑक्टोबरात दिल्लीकडून फौज येईपर्यंत ते आतच. वायव्य प्रांताचा लेफ्टनंट गव्हर्नर कॉल्व्हिन सप्टेंबरात आतच मेला; त्याचे थडगे दिवाण-ए-आमच्या समोर आहे, पर्यटक त्याला टेकून फोटो काढतात. एवढ्या माणसांच्या पोटाची तरतूद केली ती जोती प्रसादने. ज्यांनी आपल्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले त्यांना हा माणूस का जगवत होता, याचा मी पुष्कळ विचार केला. राजनिष्ठा वगैरे शब्द इंग्रज लेखकांना आवडतात. मला वाटते उत्तर वहीत आहे. कंपनी बुडाली असती तर लालाने पैसे कोणाकडे मागायचे? घेणेकऱ्याला देणेकरी जिवंत लागतो.

इथे थोडे माझ्या नोकरीतले सांगतो. सिक्कीममध्ये असताना आमच्याकडे ताज्या भाजीचा ठेका एका स्थानिक म्हाताऱ्याकडे होता. आम्ही त्याला दाजू म्हणायचो. करारात लिहिले होते, माल युनिटच्या ठिकाणी पोच. करार झाला तेव्हा युनिट एका जागी होती. पावसाळ्यात दोन कंपन्या वरच्या पोस्टवर गेल्या. गाडीरस्ता खाली संपायचा आणि पुढे चढ. तेव्हाच्या साहेबांनी दाजूला सांगितले, वर पोचव, हमालीचे बघू. दाजूने दोन महिने माणसे लावून बटाटे, कोबी, कांदे वर पोचवले. साहेबांची बदली झाली. नवीन साहेब आले, त्यांनी कागद बघितला; वरच्या पोस्टचे नाव त्यात कुठेच नव्हते. दाजूचे म्हणणे, युनिटचे ठिकाण म्हणजे मी करार केला तेव्हाचे ठिकाण, वरची हमाली वेगळी द्या. ऑफिसचे म्हणणे, जिथे युनिटचा जवान तिथे युनिट, वेगळे काही नाही. दोन्ही बाजूंना तोच एक शब्द पुरत होता.

दाजू डेपोत आला, टोपी काढून बसला आणि मेजर साहेबांना म्हणाला, "साब, आलू तो ऊपर ही खाया ना?"

साहेब हसले नाहीत. मला म्हणाले, "वरच्या सगळ्या पावत्या काढा." कंपनीच्या हवालदारांनी रोज माल घेताना सही करून तारीख आणि पोस्टचे नाव घातलेले होते. दोन महिन्यांच्या पावत्या लावल्या, तेव्हा किती वजन कुठे पोचले ते किलोसकट दिसले. मग केस वर गेली, हमाली मंजूर झाली आणि पुढच्या काळासाठी करारात दुरुस्ती झाली: गाडीरस्ता संपतो तिथपर्यंत ठेकेदार, पुढे युनिटची खेचरे. पैसे यायला वेळ लागला, पण आले. दाजूने नंतरची दोन वर्षे ठेका सोडला नाही.

दाजूला ठाऊक नव्हते, पण त्याने जे विचारले तेच आपल्या कायद्याच्या पुस्तकात आहे. १८७२ च्या करार कायद्यात दोन कलमे शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. कलम २९ म्हणते, ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही तो करार रद्द. त्याचे उदाहरण आम्हा सप्लायवाल्यांसाठीच लिहिल्यासारखे आहे. शंभर टन तेल विकायचे ठरले, पण कुठले तेल ते ठरलेच नाही, तर करार नाही. मात्र विकणारा फक्त खोबरेल तेलाचा व्यापारी असेल, तर तेल कुठले हे त्याच्या धंद्यावरून समजते आणि करार टिकतो. म्हणजे शब्द मोघम असला तरी आजूबाजूच्या परिस्थितीतून अर्थ लागत असेल, तर लावायचा. बाकी तक्रारी त्यानंतर.

आणि कलम ७०. करार असो वा नसो, एखाद्याने कायदेशीरपणे तुमच्यासाठी काही केले, फुकट करायचा त्याचा इरादा नव्हता आणि तुम्ही त्याचा फायदा घेतला, तर मोबदला द्या किंवा वस्तू परत करा. आलू ऊपर खाया, तो पैसा दो.

या कलमाची खरी परीक्षा झाली ती बंगालमध्ये. पानागढला असताना बर्दवानहून मी एकदा आरामबागला गेलो होतो. हुगळी जिल्ह्यातले गाव, बघण्यासारखे विशेष काही नाही. पण कायद्याच्या पुस्तकात ते कायमचे राहिले आहे. १९४४ साल. आदल्या वर्षीच्या दुष्काळाने बंगाल उद्ध्वस्त झालेला, महायुद्ध चालू, धान्य साठवायला जागा हवी. बी. के. मंडल या ठेकेदारांनी नागरी पुरवठा खात्यासाठी तात्पुरती गोदामे बांधली. लेखी देकार, लेखी मंजुरी, ३९,४७६ रुपयांचे बिल. पुढे काही महिन्यांत पैसे मिळाले. इथवर सगळे सरळ.

त्याच दरम्यान अधिकाऱ्यांनी आणखी कामे सांगितली. कच्चा रस्ता, पहारेकऱ्यांची खोली, ऑफिस, स्वयंपाकघर, कारकुनांची खोली. त्याचे झाले २,३२२ रुपये. मग धान्याच्या शेड, त्याचे १७,००३. एकूण १९,३२५. कामे झाली, खात्याने ताब्यात घेतली, वापरली. पैसे मागितल्यावर सरकार म्हणाले, करारच नाही. तेव्हाच्या १९३५ च्या कायद्यानुसार सरकारी करार गव्हर्नरच्या नावाने आणि अधिकार दिलेल्या माणसाच्या सहीनेच व्हायला हवा. ज्यांनी काम सांगितले त्यांना तो अधिकार नव्हता. कागदाच्या दृष्टीने सरकारचे बरोबर होते.

प्रकरण कलकत्ता हायकोर्टातून सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. डिसेंबर १९६१ मध्ये निकाल लागला आणि मुख्य निकालपत्र लिहिले ते आमच्या साताऱ्यात जन्मलेल्या न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी, जे पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले. त्यांनी सरकारचे पहिले म्हणणे मान्य केले: हा करार वैध नाही. पण दुसरे म्हणणे मानले नाही. करार वैध नाही म्हणून कराराखाली पैसे मागता येणार नाहीत; पण काम तर झाले आहे, ते फुकट केलेले नाही आणि सरकारने ते वापरले आहे. कलम ७० खाली मोबदला द्यावा लागेल. मला त्यातला एक मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. त्यांनी सांगितले, की हे कलम कुणावर जबरदस्ती करत नाही. नको असलेला माल नाकारता येतो, परत करता येतो. पण एकदा ठेवून घेतला, वापरला, की मग मोबदल्यातून सुटका नाही. स्वीकारायचे की नाही ही निवड माल घेणाऱ्याच्या हातात असते, म्हणून जबाबदारीही त्याची.

असाच एक खटला फौजी कॅन्टीनच्या बिड्यांवरूनही झाला आहे आणि त्याचा धागा आपल्या भंडाऱ्याशी आहे. पहिल्या लोकसभा निवडणुकीत तिथून उभे राहिलेले चतुर्भुज जसाणी हे एका बिडी कंपनीचे भागीदार होते आणि ती कंपनी फौजेच्या कॅन्टीन स्टोअर्सला बिड्या पुरवत होती. सरकारशी कंत्राट असलेल्याला उमेदवारी करता येत नव्हती. त्यांच्या बाजूने म्हणणे असे, की सरकारी नमुन्यात, राष्ट्रपतींच्या नावाने करारच झालेला नाही. नुसती पत्रे आहेत, म्हणजे कंत्राट नाहीच. सुप्रीम कोर्टाने १९५४ मध्ये ते मानले नाही. ऑर्डर जात होत्या, बिड्या येत होत्या, पैसे दिले जात होते. त्यांची निवडणूक रद्द झाली, भंडाऱ्यात पोटनिवडणूक लागली, आणि त्याच पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते आणि हरले. कॅन्टीनच्या पत्रव्यवहारातून एवढे घडले, हे आमच्या किती जणांना माहीत असेल!

आजचे करार जाड असतात. एमईएसच्या बांधकामाच्या सर्वसाधारण अटी वाचायला बसलात तर चहा गार होतो. त्यात लवादाची अट आहे आणि योगायोगाने तिचाही क्रमांक ७० च आहे. ठेकेदार आणि खाते यांचे जमले नाही तर मध्ये लवाद नेमायचा, त्याने कागद, मोजमापाची वही आणि जागा तपासून सांगायचे. जोती प्रसादला असा कोणी मिळाला नव्हता. त्याच्यासाठी एका बाजूला तपासनीस होते आणि दुसऱ्या बाजूला फौजदारी कोर्ट.

मंडल यांना १९४४ च्या एप्रिलमधल्या कामाचा शेवटचा निकाल मिळाला तेव्हा १७ वर्षे उलटून गेली होती. दावा होता तोच, १९,३२५ रुपये.  खटला संपेपर्यंत धान्याच्या त्या शेड उभ्या असतील असे मला वाटत नाही.